नकाशावर राहिलेलं नाव

फारसी भाषेत ‘जवान’ म्हणजे तरुण. उर्दूने हा शब्द तसाच घेतला. आमच्या घरांत ‘जवान लडका’ म्हटलं की वीस-पंचवीस वर्षांचा, नुकता कमावू लागलेला, लग्नाचं बघायला झालेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. मराठीत मात्र हा शब्द स्थिरावला तो सैनिक या अर्थाने. भाषेचे अभ्यासक सांगतात की फारसीतला ‘जवान’ आणि संस्कृतमधला ‘युवन्’ हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. म्हणजे कुठूनही पाहा, सैनिकाच्या या नावातच त्याचं वय लिहिलेलं आहे. तरीही ‘सीमेवर तीन जवान शहीद’ ही ओळ वाचताना ते वय आपल्याला दिसत नाही. आपण ओळ वाचतो, चुकचुकतो आणि पान उलटतो.

रमजानच्या या पानावर आज अशाच एका जवानाविषयी लिहायचं आहे. त्याचं नाव कॅप्टन हनीफुद्दीन. सेनादलात आणि मित्रांत तो हनीफ होता. जन्म २३ ऑगस्ट १९७४, दिल्लीचा. मृत्यू ६ जून १९९९, लडाखमधल्या तुर्तुक भागात, कारगिल युद्धाच्या दिवसांत. पंचविसावा वाढदिवस अडीच महिन्यांवर होता. तेव्हा मी कॉलेजात शिकत होतो आणि तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा होता. आता माझ्या दाढीत पांढरे केस आले आहेत, आणि तो अजून चोवीसच वर्षांचा आहे. म्हणून त्याच्याविषयी लिहिताना एकेरीच लिहितो. वर्गात समोर बसणाऱ्या मुलांपेक्षा तो फार मोठा नव्हता.

शिवाजी कॉलेजचा विद्यार्थी

हनीफचे वडील तो लहान असतानाच गेले. आई हेमा अझीझ या शास्त्रीय गायिका. दिल्लीत संगीत नाटक अकादमी आणि कथ्थक केंद्रात त्यांनी काम केलं आणि तीन मुलगे एकटीच्या कमाईवर वाढवले. त्यांच्या या दिवसांतली एक गोष्ट सार्वजनिक नोंदीत आहे. वडील नसलेला मुलगा म्हणून शाळेत हनीफला मोफत गणवेश देऊ केला गेला. आईने त्याला सांगितलं की शिक्षकांना जाऊन सांग, माझी आई कमावते, गणवेश घेण्याइतके पैसे आमच्याकडे आहेत.

गोष्ट छोटी आहे, पण ती लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

हनीफचं पदवीचं शिक्षण झालं दिल्ली विद्यापीठाच्या शिवाजी कॉलेजात. हे कॉलेज १९६१ मध्ये सुरू झालं ते आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या पुढाकाराने. तेव्हा ते केंद्रात कृषिमंत्री होते. अमरावतीत शिवाजी महाराजांच्या नावाने शिक्षणसंस्था उभारणाऱ्या भाऊसाहेबांनी राजधानीतही त्याच नावाचं कॉलेज काढलं, आणि तीन दशकांनंतर तिथे शिकलेला एक मुलगा सैन्यात अधिकारी झाला. महाराष्ट्राशी हनीफचा धागा असेल तर तो एवढाच. पण मला तो पुरेसा वाटतो. कॉलेज काढणाऱ्याला कुठे ठाऊक असतं, त्याच्या फाटकातून कोण आत येणार आहे आणि कुठवर जाणार आहे!

हनीफ गात असे. घरातच गाणं होतं, त्यामुळे नवल नाही. सैन्यात गेल्यावरही त्याचं गाणं सुटलं नाही. उंच, गोठलेल्या चौक्यांवर जवानांमध्ये बसून गाणारा अधिकारी म्हणून सोबतच्यांना तो आठवतो.

७ जून १९९७ रोजी तो ११ राजपुताना रायफल्समध्ये अधिकारी झाला. या रेजिमेंटचा युद्धघोष आहे ‘राजा रामचंद्र की जय’. हनीफुद्दीन नावाचा अधिकारी याच घोषाच्या पलटणीत होता. सैन्यात याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. तिथली रीतच आहे की अधिकारी आपल्या जवानांच्या श्रद्धेत त्यांच्यासोबत उभा राहतो. अनेक तळांवर ‘सर्व धर्म स्थळ’ असतं आणि एकाच छताखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च यांची जागा असते. आपल्याकडे ज्यावर भाषणं होतात, ते तिथे रोजच्या कामाचा भाग असतं.

तुर्तुक

ज्या तुर्तुक भागात हनीफ गेला, तोही समजून घेण्यासारखा आहे. नुब्रा खोऱ्यात, श्योक नदीच्या काठी, जर्दाळूच्या बागांमधलं हे एक बाल्टी गाव. लोक मुसलमान, भाषा बाल्टी. फाळणीनंतर हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होतं. डिसेंबर १९७१ च्या युद्धात भारतीय सैन्याने ते घेतलं. गावकरी झोपले तेव्हा एका देशात होते आणि उठले तेव्हा दुसऱ्या, असं तिथल्या माणसांचं झालं. कामाधंद्यासाठी पलीकडे गेलेले पलीकडेच राहिले. भाऊ इकडे, भाऊ तिकडे. पर्यटकांसाठी हे गाव खुलं झालं ते २०१० मध्ये. आज आपल्याकडचे हौशी प्रवासीही तिथल्या जर्दाळूचे फोटो घेऊन येतात. त्या फोटोंत मागे जे डोंगर दिसतात, त्याच डोंगरांच्या भागात १९९९ च्या जूनमध्ये लढाई चालू होती.

थोडं मागे जाऊ. १९९८ च्या डिसेंबरात रमजान सुरू झाला आणि १९९९ च्या जानेवारीत ईद झाली. हनीफच्या आयुष्यातला तो शेवटचा रमजान. फेब्रुवारीत पंतप्रधान वाजपेयी बसने लाहोरला गेले. आता काहीतरी चांगलं होईल, असं दोन्हीकडच्या साध्या माणसांना वाटलं. मे महिन्यात समजलं की हिवाळ्यात रिकाम्या केलेल्या उंच शिखरांवर पाकिस्तानी सैन्य येऊन बसलं आहे. पुढचे अडीच महिने ती शिखरं एकेक करून परत घ्यावी लागली. शत्रू वर, आपण खाली. लपायला झाड नाही, श्वास घ्यायला हवा पुरेशी नाही. या युद्धात भारताचे ५२७ सैनिक गेले.

तुर्तुक भागात सुमारे १८ हजार फुटांवरची एक जागा ताब्यात घ्यायची होती, म्हणजे शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवता आली असती. हनीफ या कामगिरीवर स्वतःहून गेला. सोबत एक जेसीओ आणि मोजके जवान. शत्रूच्या नजरेत आल्यावर गोळीबार सुरू झाला. आपल्या माणसांना आडोसा मिळावा म्हणून हनीफने शत्रूचा मारा स्वतःकडे ओढून घेतला. जखमी झाल्यावरही तो गोळ्या झाडत राहिला. दारूगोळा संपला. चारही बाजूंनी मारा होत होता. ठरलेल्या जागेपासून सुमारे दोनशे मीटरवर तो पडला. अधिकारी होऊन दोन वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता.

त्याच लढाईत नायब सुभेदार मंगेज सिंह हेही गेले. दोघांनाही मरणोत्तर वीरचक्र मिळालं. हनीफचं नाव घेताना मंगेज सिंहांचं नाव सुटू नये असं मला वाटतं, कारण त्या उंचीवर ती दोन नावं वेगळी नव्हती.

एका आईचे दोन नकार

हनीफचा मृतदेह लगेच आणता आला नाही. तो पडला होता तिथे शत्रूचा मारा सतत चालू होता. चाळीसहून अधिक दिवस तो त्या बर्फातच राहिला.

आमच्याकडे मय्यतीला उशीर करू नये असा दंडक आहे. सकाळी माणूस गेला तर दुपारच्या किंवा फार तर संध्याकाळच्या नमाजनंतर दफन. लांबचा मुलगा यायचा असला तरी घरातली वडीलधारी घड्याळाकडे बघत असतात. हिंदू घरांतही काही वेगळं नसतं. ज्यांनी घरात मृतदेह ठेवून कुणाची तरी वाट पाहिली आहे, त्यांना ते तास किती लांब असतात हे ठाऊक आहे. इथे तासांचे चाळीस दिवस झाले होते, आणि वाट पाहायची होती ती मृतदेहाचीच.

तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक हेमाताईंना भेटले. आपण प्रयत्न करतो आहोत, पण प्रत्येक वेळी वरून गोळीबार होतो, हे त्यांनी सांगितलं. त्यावर या आईने सांगितलं की माझ्या मुलाचा देह आणण्यासाठी दुसऱ्या कुणाच्या मुलाचा जीव धोक्यात घालू नका. युद्ध संपल्यावर मला एकदा ती जागा बघायची आहे, एवढंच.

हा पहिला नकार. दुसरा नंतरचा. शहिदाच्या कुटुंबाला पेट्रोल पंप देऊ करण्यात आला. त्यांनी तो घेतला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ज्या वीरपत्नींनी, वीरमातांनी अशी मदत घेतली त्यांनी काही कमीपणाचं केलं, असं कुणी मनातही आणू नये. तो त्यांचा हक्क आहे, आणि घर चालवायला लागणारे पैसे कुणाच्या बलिदानाने आपोआप येत नाहीत. बहुतेक घरांत गेलेला मुलगा हाच कमावता असतो. पण हेमाताईंचा नकार शाळेच्या गणवेशापासून चालत आला होता. ज्या बाईने मुलाला मोफत गणवेश घेऊ दिला नाही, ती मुलाच्या बदल्यात पंप कसा घेईल? तिच्या हिशेबाच्या वहीत मुलासमोर लिहिता येईल असा आकडाच नव्हता.

उर्दूत यासाठी ‘खुद्दारी’ हा शब्द आहे. मराठीत स्वाभिमान म्हणू, पण स्वाभिमानात थोडा ताठा येतो. खुद्दारी शांत असते. कुरआनात दानाचे खरे हकदार कोण हे सांगताना अशा गरजवंतांचा उल्लेख येतो, जे मागत नाहीत आणि ज्यांच्याकडे बघून अनोळखी माणसाला ते सुखवस्तू वाटतात. या महिन्यात आम्ही जकातीचा हिशेब करतो तेव्हा मौलवीसाहेब हे आवर्जून सांगतात. हात पसरणारा तर दिसतोच. जो पसरत नाही त्याला शोधा.

पावती नको

आता जे सांगायचं आहे ते थोडं अवघड आहे, पण या पानाचे वाचक सर्व समाजांतले आहेत, म्हणून इथेच सांगतो.

देशात कुठे काही घडलं की आमच्या मोबाइलवर एक छायाचित्र फिरू लागतं. बहुतेक वेळा ते परमवीर अब्दुल हमीद यांचं असतं. १० सप्टेंबर १९६५, खेमकरण भागातलं रणांगण, जीपवरची तोफ आणि समोर पॅटन रणगाडे. कधी ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांचं असतं, जे ३ जुलै १९४८ रोजी झांगड इथे गेले आणि ज्यांच्या दफनविधीला पंडित नेहरू उपस्थित होते. अलीकडे हनीफचंही असतं. खाली ओळ असते, ‘आम्हीही रक्त दिलं आहे.’

ही ओळ लिहिणाऱ्याचं दुखणं मला कळतं. कुणीतरी त्याला विचारलेलं असतं, तोंडाने किंवा नजरेने, की तू नक्की कुणाचा? मग तो घाईघाईने खिसे चाचपतो आणि सापडेल ती पावती पुढे करतो. पण चोवीस वर्षांचा मुलगा ही पावती नाही. हनीफ त्या शिखराकडे गेला तो आमच्या वतीने काही सिद्ध करायला गेला नव्हता. त्याच्या पलटणीला ती जागा हवी होती आणि तो पलटणीचा तरुण अधिकारी होता. कॅप्टन विक्रम बत्राचा जन्म हनीफनंतर बरोबर सतरा दिवसांनी झाला, आणि हनीफनंतर महिन्याभराने तो गेला. बत्राच्या मरणातून कुणी कुणाच्या निष्ठेचा दाखला काढत नाही. त्याला त्याच्या पराक्रमासाठी आणि त्याच्या हसऱ्या चेहऱ्यासाठी लक्षात ठेवतात. हनीफलाही तेवढंच द्या. कमी नको, जास्तही नको.

आणि पावती मागणाऱ्यांनाही एक विनंती. ज्या देशात हनीफची आई दुसऱ्याच्या मुलाचा जीव वाचावा म्हणून स्वतःच्या मुलाचा देह बर्फात राहू देते, तिथे शेजाऱ्याकडे दाखला मागताना क्षणभर थांबावं. त्या बाईने समोरच्या जवानाचं नाव विचारलं नव्हतं.

शहीद आणि हुतात्मा

वर्गात मी मुलांना शब्दांच्या कुळकथा सांगत असतो. ‘शहीद’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. कोर्टातल्या साक्षीला जुन्या उर्दूत शहादतच म्हणत. आपल्या ‘हुतात्मा’ या शब्दात यज्ञ आहे. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो. मराठी माणूस हे दोन्ही शब्द सहज वापरतो आणि आपण दोन वेगवेगळ्या जगांतून शब्द उचलले आहेत हे त्याच्या ध्यानीही येत नाही. मला ही मराठीची श्रीमंती वाटते.

पण दोन शब्दांत फरक आहे, आणि तो उपयोगाचा आहे. आहुती एकदा दिली की संपते. साक्ष मात्र कुणीतरी ऐकावी लागते. साक्षीदाराने सांगितलं आणि न्यायासनावर कुणी नसलं, तर त्या साक्षीचं काय? शहिदाची आठवण ठेवणं म्हणजे त्याची साक्ष ऐकणं. वर्षातून एक दिवस, २६ जुलैला, हार घालून ते होत नाही. तो कोण होता, काय शिकला, काय गात होता, त्याच्या घरात कोण होतं आणि त्या घराचं पुढे काय झालं, हे विचारावं लागतं. आपल्या तालुक्यात, आपल्या गावात असं एखादं घर असतंच. चौकातल्या स्मारकावरचं नाव आपण रोज पाहतो; त्या नावाची आई कुठे राहते हे किती जणांना ठाऊक असतं?

रमजान हा ‘सब्र’चा महिना असं आपण ऐकतो. सब्रचं भाषांतर सहनशीलता असं केलं जातं. मूळ अरबी धातूत स्वतःला रोखणं, बांधून ठेवणं हा अर्थ आहे. समोर पाणी आहे, घशाला कोरड आहे, कुणी पाहत नाही, आणि तरी हात पुढे जात नाही. रोजा म्हणजे हाच सराव. हेमाताईंनी लष्करप्रमुखांना जे सांगितलं, त्यात मला या शब्दाचा पूर्ण अर्थ सापडतो. मुलाचा देह मागणं हा आईचा पहिला हक्क. त्यांनी तो हक्क हातात धरून ठेवला आणि वापरला नाही, कारण वापरला असता तर किंमत दुसऱ्या आईने मोजली असती. आमचा रोजा मगरिबच्या अजानला सुटतो. त्यांचा चाळीस दिवस सुटला नाही.

पहाटेची मुलं

सहेरी आणि फज्रची नमाज झाली की आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलांच्या पावलांचा आवाज येतो. सैन्यभरती, पोलिसभरती यांची तयारी करणारी ही मुलं. काही आमच्याच कॉलेजातली. कुणाचे वडील शेतमजूर, कुणाचे रिक्षावाले, कुणाचं घर दोन एकर कोरडवाहूवर. सोळाशे मीटर किती मिनिटांत, छाती किती इंच फुगते, यावर त्यांचं सगळं भविष्य टांगलेलं. रमजानात त्यातला एखादा सहेरी करून थेट धावायला येतो आणि मग दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. सोबतची मुलं त्याच्यासमोर बाटली उघडत नाहीत. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

या मुलांपैकी कुणाला उद्या कुठली चौकी मिळेल, सांगता येत नाही. मिळेल त्या दिवशी गावात पेढे वाटले जातील, फटाके वाजतील. त्यांच्यावर अभिमान असावाच, पण त्यासोबत थोडी भीतीही असावी असं मला वाटतं. जो समाज आपल्या मुलांना युद्धावर पाठवतो, त्याने युद्धाविषयी हलक्या तोंडाने बोलू नये. टीव्हीसमोर खुर्चीत बसून ‘एकदाचं होऊनच जाऊ दे’ म्हणणं सोपं आहे. ‘होऊन जाणं’ म्हणजे काय, हे ५२७ घरांना माहीत आहे. पलीकडच्या घरांनाही माहीत आहे. त्यांचीही मुलं त्या शिखरांवर मेली. मेलेल्या मुलाची आई कुठल्या बाजूची आहे यावरून तिचं रडणं बदलत नाही.

येत्या दिवसांत इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर हातात घेऊन आपण दुआ मागू. घरच्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी, कबरीतल्या वडीलधाऱ्यांसाठी. त्या यादीत यंदा सीमेवरच्या मुलांची भर घालावी, नाव आणि धर्म न विचारता. आणि शेजारच्या ज्या मित्रांना आपण शीरखुर्म्याला बोलावतो, त्यांना ईदच्या दिवशी हनीफची आणि मंगेज सिंहांची गोष्ट सांगावी. छायाचित्र पाठवण्यापेक्षा समोर बसून सांगितलेली गोष्ट जास्त टिकते.

सैन्याने हनीफची आठवण वेगळ्या रीतीने ठेवली आहे. तुर्तुकच्या त्या भागाला आता ‘सब सेक्टर हनीफ’ म्हणतात. लष्कराच्या नकाशावर ते नाव आहे. तिथे आज ज्यांचा पहारा असतो ते कुठलेही असतील. साताऱ्याचे, नागौरचे, गढवालचे, तमिळनाडूचे. रात्री वायरलेसवर आपली जागा सांगताना ते हे नाव उच्चारतात. उच्चारणारा ते कौतुकाने म्हणत नाही आणि संशयानेही म्हणत नाही. त्याच्यासाठी तो फक्त एक पत्ता असतो. आपण या क्षणी कुठे उभे आहोत, हे तो त्या नावाने सांगत असतो.